मूर्ती क्लासिकल लायब्ररीची पुस्तकं : डाव्या पानासाठी घ्या

हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या मालेतली सूरदासांची पदं आणि ‘लीलावई’ हे प्राकृत कथाकाव्य अशी दोन पुस्तकं गेल्या वर्षी घेतली. मी भजन शिकवते, त्यामुळे सूरदास जवळजवळ रोज उघडला जातो. लीलावई सावकाश, रात्री वाचली.

माला 2015 साली सुरू झाली. डाव्या पानावर मूळ संहिता, उजव्या पानावर इंग्रजी अनुवाद अशी मांडणी आहे. खपाच्या दृष्टीने इंग्रजी महत्त्वाचं असेल, पण मराठी वाचकाने ही पुस्तकं डाव्या पानासाठी घ्यावीत असं माझं मत झालं आहे. देवनागरी आपल्याला येते, सूरदासांची व्रजभाषा कानावरून गेलेली असते. अडलं की उजवीकडे नजर टाकायची आणि परत मुळाकडे यायचं. मी सुरुवातीला अनुवाद सलग वाचून पाहिला. तो चांगला आहे, इंग्रजी कविता म्हणूनही वाचवतो, पण पद गळ्यात उतरतं ते मुळातूनच.

सूरदासांचा खंड मला मोलाचा वाटतो तो पदांच्या निवडीमुळे. काशी नागरी प्रचारिणी सभेने छापलेल्या सूरसागरात, म्हणजे सूरदासांच्या पदांच्या संग्रहात, जवळजवळ पाच हजार पदं आहेत. इथे आहेत फक्त 433. सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जी पदं सूरदासांची म्हणून गायली जात होती, तेवढीच जुन्या पोथ्यांवरून संपादकांनी घेतली आहेत. त्यांतली सर्वांत जुनी तारीख नोंदलेली पोथी 1582 ची, फतेहपूरची (राजस्थानातलं, सिक्री नव्हे). म्हणजे अकबर गादीवर असताना लिहिलेली! उरलेली हजारो पदं पुढच्या पिढ्यांतल्या गायकांनी सूरदासांच्या नाममुद्रेने रचली. ती खोटी म्हणून टाकून द्यावीत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांतली कितीतरी मी स्वतः गाते आणि गात राहीन. पण कुठलं पद केव्हापासून गायलं जातं याचा अंदाज असला की शिकवताना बोलण्याला आधार येतो. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या प्रती ज्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

याच जुन्या पदांवरून चरित्राकडे पाहिलं तर चित्र बदलतं. सूरदास जन्मांध होते, वल्लभाचार्यांचे शिष्य होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ही कथा मुख्यतः वल्लभ संप्रदायाच्या वार्ता-साहित्यातून, म्हणजे भक्तांच्या चरित्रकथांतून आली, आणि जुन्या पदांतून तिला फारसा आधार मिळत नाही. मला हे वाचून सूरदास उणे वाटले नाहीत, उलट पदांकडे जास्त लक्ष गेलं.

वर्गात मी पुस्तक असं वापरते. खंड हजारावर पानांचा, हातात धरून बसणं अवघड. म्हणून घरातली पोथीची ठवणी काढली. चाल लावायच्या आधी पद नुसतं म्हणायचं, मात्रा मोजत, टाळी देत. टेक, म्हणजे ध्रुवपद, आखूड असते, पुढच्या ओळी लांब. मग मुलांना कळतं की व्रजभाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ कधी कधी ऱ्हस्व म्हणावे लागतात, आणि ‘मोहन’मधला ‘न’ अर्धा गिळून चालत नाही, तो पुरा उच्चारला तरच मात्रा जुळतात. मोबाइलवरून उतरवलेल्या पदांत इथेच घोळ असतो. छापील संहिता नीट असली की तालात ओढाताण करावी लागत नाही.

स्वरलिपी मिळेल या आशेने मात्र घेऊ नका. आणि टीपा त्रोटक आहेत. पदापदावरचं सविस्तर भाष्य याच अनुवादकाने वेगळ्या ग्रंथात केलं आहे, तो हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये निघाला. ज्यांना संदर्भ खोलात हवे आहेत त्यांना तोही लागेल. मला लागतो, सध्या ग्रंथालयातून आणते.

लीलावई ही आपल्या मुलुखाची कथा. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा राजा सातवाहन हाल आणि सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती यांची प्रेमकथा कोऊहल कवीने महाराष्ट्री प्राकृतात, तेराशेवर गाथांत (म्हणजे कडव्यांत) सांगितली. शरदातल्या चांदण्या रात्री बायको गोष्ट सांगा म्हणते आणि कवी सुरू करतो. आ. ने. उपाध्ये यांनी तिची संपादित आवृत्ती 1949 मध्ये मुंबईतून काढली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या या विद्वानाचं काम इथे पुन्हा आठवतं. अनुवाद गद्य आहे, तोही बरा, कारण कथेत कथा आणि तिच्यात आणखी कथा असल्याने धागा सुटायला वेळ लागत नाही. प्राकृत सुरुवातीला परकं वाटतं. ते मोठ्याने वाचा, निम्मे शब्द ओळखीचे निघतात.

अक्षरांबद्दलही लिहायला हवं. मालेसाठी देवनागरी टंक मुद्दाम घडवून घेतला आहे. जोडाक्षरं सुटसुटीत, चष्मा लावूनही डोळे शिणत नाहीत. त्याच घराण्यातला ‘टीरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट आपल्या वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’सह मोफत मिळतो. वर्गाची पदं मी आता त्यातच छापते.

घेण्याआधी लिपी पाहून घ्या. याच मालेतला बुल्ले शाह गुरुमुखीत आहे, अकबरनामा फारसी लिपीत, आणि थेरीगाथेची पाली रोमनमध्ये. भारतीय पेपरबॅक आवृत्ती परदेशी प्रतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, तीच मागवा. एकच घ्यायचं असेल तर गाणाऱ्यांनी सूरदास घ्यावा, बाकीच्यांनी लीलावई.