मोठं घर, विदर्भाचा उन्हाळा: कूलर की एसी?

नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात दोन मजली घर असलेल्यांना मार्च सरला की हा प्रश्न पडतोच. एकाच खोलीचं काम असेल तर फार विचार नको, एसी लावा आणि मोकळे व्हा. पेच येतो तो अडीच हजार चौरस फुटांच्या घरात, जिथे हॉल, जेवणाची जागा आणि वर जाणारा जिना एकमेकांत उघडे असतात. कोकण, मुंबई, गोव्यात कूलरचा पर्यायच नाही; तिथल्या दमट हवेत कूलर नुसती ओल वाढवतो.

इकडची गोष्ट वेगळी. मेमधल्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. कूलरला गाठता येईल असा तळ तोच. चांगल्या पॅडचा कूलर त्या तळापर्यंतचं पाऊणहून जास्त अंतर कापतो, म्हणजे जाळीतून २७-२८ अंशांची हवा येते. पाऊस लागला की हेच गणित उलटतं: ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तळच २८ वर असतो, मग कूलर आणि पंखा यांत फरक राहत नाही. जुलै ते सप्टेंबरच्या उकाड्यात एसीला तोड नाही, हे आधीच मान्य करतो.

आता खर्च. तीन मोठे कूलर, पंपासह प्रत्येकी २५० वॅट, रोज १४ तास: साडेदहा युनिट, महिन्याला ३१५. त्याऐवजी हॉलला दोन टनांचा एसी दहा तास आणि दोन बेडरूमना दीड टनांचे आठ-आठ तास धरले तर इथल्या मेमध्ये रोजचे ३० युनिट सहज होतात, महिन्याचे ९००. लोक इथे एक चूक करतात. बिलाच्या रकमेला एकूण युनिटने भागतात आणि सरासरी दराने हिशेब मांडतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्यांनी चढतो. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर मिळून २५० युनिट आधीच झालेले असतात. कूलरसह घर ५६५ वर थांबतं, एसीसह ११५० वर जातं. मधले ५८५ युनिट सगळेच्या सगळे सर्वांत महाग टप्प्यात पडतात. सर्व आकार आणि वीज शुल्क मिळून युनिटला १५ रुपये धरले तर फरक महिन्याला पावणेनऊ हजारांचा. आपल्या बिलावरचा दर घालून पाहा; आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही.

तरीही, फक्त पैशांचा प्रश्न असता तर दोन महिन्यांसाठी तो सोसावा असं कोणीही म्हणेल. माझ्या लेखी पारडं फिरवलं ते जिन्याने.

जिना उघडा असेल तर हॉलचा एसी एकट्या हॉलचा राहत नाही. वरची लॉबी तापलेल्या स्लॅबखाली असते. थंड हवा जड म्हणून खाली राहील असं वाटतं, पण पंखा फिरतो, माणसं वर-खाली करतात आणि हवा मिसळत राहते. इन्व्हर्टर एसीची बचत होते ती ठरवलेलं तापमान गाठल्यावर कॉम्प्रेसरचा वेग उतरतो म्हणून. इथे दुपारभर ते तापमान गाठलंच जात नाही आणि कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने पळत राहतो. शिवाय पाच ताऱ्यांचा हिशेब बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास वापर धरून केलेला असतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, तर ४३ च्या पुढेच सुरू होतो. मग जिन्याला ॲल्युमिनियमचं पार्टिशन आणि सरकतं दार लावायचं. ते दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, निम्म्या वेळा उघडंच राहतं, आणि मोठ्या माणसांच्या घरात दिवसभर ‘दार लावा’ एवढंच ऐकू येतं. भरल्या घरात, पाहुण्यांच्या दिवसांत हे निभत नाही.

कूलरला मात्र तोच जिना उपयोगी पडतो. कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर ओल साचते, अंग चिकचिकतं आणि दोष कूलरला लागतो. हॉल २० बाय १५ आणि उंची १० फूट असेल तर आत ३००० घनफूट हवा. ती दर दोन मिनिटांनी बदलायची म्हणजे मिनिटाला १५०० घनफूट, तासाला साधारण २५५० घनमीटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, म्हणून ४००० लिहिलेला कूलर घ्यावा. मिनिटाच्या दर हजार घनफुटांना दोन चौरस फूट वाट लागते, म्हणजे इथे तीन. गच्चीचं सात फुटी दार पाच इंच उघडं ठेवून आडकाठी लावली की तेवढी वाट झाली. खालची हवा जिन्याने वर जाते आणि वाटेत लॉबीची धग काढून नेते. वाटेतल्या बाकीच्या खिडक्या तेवढ्या बंद हव्यात, नाहीतर हवा जवळच्या वाटेने निघून जाते.

कूलरचा त्रास आहे, आणि तो पाण्याचा आहे. भर दुपारी मोठा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी उडवतो. तीन कूलरना दिवसाला ४००-५०० लिटर धरा. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हा लेख इथेच थांबवून एसीचा विचार करावा. बोअरचं पाणी जड असेल तर पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. हनीकोंब पॅडवर पांढरा थर चढतो, वरच्या नळीची छिद्रं बुजतात आणि पॅडवर कोरडे पट्टे दिसू लागतात. त्या पट्ट्यांतून सरळ गरम झळ येते. दर तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करावी, नळीची छिद्रं तारेने मोकळी करावीत, पंप तळावर न ठेवता फरशीच्या तुकड्यावर ठेवावा. गवताच्या ताट्या स्वस्त आणि वाळा मिसळला तर सुगंधी, पण काही आठवड्यांत गवत खाली बसतं आणि वर चार बोटं फट पडते. ती दिसली की गवत भरून घ्यावं. रात्री बंद करताना आधी पंप बंद करून पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवला तर पॅड सुकतात आणि कुबट वास येत नाही. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी केली तर डेंग्यूचे डास होत नाहीत.

वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर एखादा कूलर तासभर चालतो. एसीला ती सोय नाही, आणि बंद घर पंधरा-वीस मिनिटांत तापतं.

वरच्या मजल्यावरची एक बेडरूम मात्र एसीला द्यावी. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, घरात आजारी किंवा खूप वयस्क माणूस असतं, आणि जुलै येणारच असतो. त्या खोलीचा बाहेरचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर किंवा अरुंद डक्टमध्ये टांगू नये. स्वतःचीच गरम हवा ओढून तो दुपारी बंद पडतो. मेमधल्या धुळीत फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा. आमचा बेत असाच आहे: तीन कूलर, एक एसी. नव्या, कप्प्याकप्प्यांच्या बंद घराला कदाचित उलटं प्रमाण बरं पडेल.

काहीही घेतलं तरी मार्चमध्येच गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. आणि लोखंडी कूलर असेल तर पंप आणण्याआधी तो ज्या बोर्डाला लावणार त्याची अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा.