पी-ईबीटी कार्ड : मदत चोख, पण पत्त्यावर अडलेली

मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या शाळा बंद झाल्या आणि शेतमजुरांच्या मुलांचं शाळेतलं फुकट जेवण तुटलं. शाळेच्या फाटकावर डबे मिळत होते, पण पहाटेच लेट्यूसच्या रानात जाणाऱ्या आईबापांना ती वेळ गाठता येईना. त्या जेवणाच्या बदल्यात आलेलं हे पी-ईबीटी, म्हणजे ‘पँडेमिक ईबीटी’ कार्ड : सरकारने पैसे भरलेलं, फक्त खाण्याचं सामान घेता येईल असं. कॅलिफोर्नियात पहिल्या फेरीत दिवसाला ५.७० डॉलर, एका मुलामागे ३६५ डॉलरपर्यंत.

याची मोठी जमेची बाजू म्हणजे कुणाचेही इमिग्रेशनचे कागद मागितले नाहीत. त्याच वेळच्या केअर्स कायद्यात (साथीच्या काळात घरोघरी रोख मदत देणारा कायदा), एकत्र कर भरणाऱ्या आईबापांपैकी एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेचा सरकारी ओळख क्रमांक) नसला, तरी अमेरिकेतच जन्मलेल्या मुलाचे ५०० डॉलर बुडत होते. हा सरळ अन्यायच होता. पी-ईबीटी ‘पब्लिक चार्ज’मध्येही, म्हणजे सरकारी मदतीवर जगतो म्हणून ग्रीन कार्ड नाकारायच्या नियमातही, धरलं जात नव्हतं. पण मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या मिश्तेको या आदिवासी समाजाच्या कुटुंबांना हे पटवायला त्यांची बोली बोलणारं माणूसच लागतं, स्पॅनिश पत्रकाने भागत नाही.

घोळ झाला तो टपालात. कार्ड साध्या पाकिटातून, बहुतेक वेळा शाळेच्या नोंदीतल्या पत्त्यावर येई. कॅलिफोर्नियातल्या सालिनासचे मजूर नोव्हेंबरात हिवाळी पिकासाठी ॲरिझोनातल्या यूमाला जातात, खोल्या बदलतात, दोन-तीन कुटुंबं एका घरात राहतात. पाकीट जाहिरातीचं समजून फेकलं की कार्डही गेलं.

हाती आलं तरी फोन करून पिन बसवायला कार्ड नंबर, झिप कोड (तिथला पिनकोड) आणि मुलाची जन्मतारीख लागे. झिप कोड शाळेत नोंदवलेला हवा, सध्याच्या घराचा नाही. अनेकांचं इथेच अडायचं. आणि फोनवर बोलणार कोण? घरात इंग्रजी येतं ते पोराला. दहा वर्षांचं मूल फोन स्पीकरवर टाकून आईला एकेक पर्याय समजावून सांगतं, आकडा चुकला तर पहिल्यापासून. भुकेची काळजी कमी करायला आलेल्या कार्डाने ती अशी मुलाच्याच अंगावर टाकली.

या कार्डावर बीन्स, तांदूळ, मक्याचं पीठ, दूध, अंडी मिळायची. साबण, डायपर, गरम शिजवलेलं अन्न नाही.

२०२४पासून याची जागा उन्हाळी ईबीटीने (उन्हाळी सुट्टीतल्या जेवणासाठीचं तसंच कार्ड) घेतली आहे, मुलामागे उन्हाळ्याचे १२० डॉलर. रक्कम तुटपुंजी वाटते. नाव-पत्ता अजूनही बहुतेक वेळा शाळेच्या नोंदीतूनच उचलला जातो, त्यामुळे खोली बदलली असेल तर उन्हाळी सुट्टी लागायच्या आत शाळेच्या कचेरीत नवा पत्ता लिहून द्यावा आणि तिथे कोणता झिप कोड पडला आहे तेही डोळ्यांनी पाहून घ्यावं.