परदेशात लग्न: सही तिथं की घरी?

परदेशात लग्न ठरलं की खरा प्रश्न हॉलचा नसतो, कायदेशीर सही कुठं करायची हा असतो. तिथंच नोंदणी करायची तर अविवाहित असल्याचा दाखला, त्याचं भाषांतर, १९६१च्या हेग करारानुसार अपोस्टिल शिक्का (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मारलेला), असं बरंच लागू शकतं. फ्रान्समध्ये तर दोघांपैकी एकाचं किंवा आईवडिलांचं त्या गावात घर किंवा निदान महिनाभराचं वास्तव्य हवं. स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या ब्रिटिश जिब्राल्टरमध्ये मात्र झटपट उरकतं. बीटल्स बँडच्या जॉन लेननचं लग्न १९६९मध्ये तिथंच लागलं.

दुसरा मार्ग म्हणजे नोंदणी आधी आपल्या देशात, परदेशात फक्त सोहळा. मला हाच पटतो. दाखल्यावर नावातलं एक अक्षर चुकलं तर घरी निवांत दुरुस्त करता येतं. तिथं पाहुणे मांडवात आणि आपण कचेरीत! तारखा मात्र दोन होतात. लग्नाचा वाढदिवस कुठला, ते आधीच ठरवून टाका.