यंत्रही त्यांचेच, कामही त्यांचेच : शेतातील शेड आणि जॉब वर्कच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमचे घर कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील असून तंबाखू आणि ऊस ही आमची पिके आहेत. धाकटा भाऊ आयटीआयचा फिटर आहे आणि त्याने गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे पाळीवर काम केलेले आहे. शेताच्या कडेला, रस्त्यालगत, स्वतःचे फॅब्रिकेशनचे शेड उभारावे हा विचार त्याचाच, आणि तो विचार आम्हाला आजही योग्यच वाटतो. या विचाराचा गैरफायदा घेणाऱ्यांची पद्धत मात्र आपल्या भागातील लोकांना नेमकी कळली पाहिजे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रातील एका यंत्र विकणाऱ्या पार्टीचा प्रस्ताव असा होता : शेड तुम्ही घाला, पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे, वाकवणारे यंत्र) आणि डाय (त्यातील साचा) आमच्याकडून घ्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीला लागणारे क्लॅम्प आणि ब्रॅकेट बनवण्याचे काम वर्षभर आम्ही देऊ, पत्रा आमचा, मजुरी तुमची. आपल्याकडे असा प्रस्ताव कोणालाही विचित्र वाटत नाही, कारण बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे भागात आणि सीमेपलीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव येथे मोठे कारखाने लहान शेडवाल्यांना खरोखरच असे जॉब वर्क देतात आणि त्यावर कित्येक कुटुंबे सचोटीने जगतात. फरक इतकाच की काम देणारा खरा कारखानदार तुम्ही यंत्र कोठून घेतले हे विचारत नाही. त्याला माल वेळेवर आणि मापात हवा असतो. येथे काम मिळण्याची अटच त्यांच्याकडून यंत्र घेण्याची होती. यंत्राचे सव्वासहा लाख आणि पत्र्यापोटी अनामत म्हणून दीड लाख रुपये त्यांनी आधी घेतले.

यंत्र आले तेव्हा ते नवीन दिसत होते. ताजा हिरवा रंग, चकचकीत नावपट्टी, नवी मोटर. पुढे स्ट्रोक जड पडू लागला, तेव्हा उद्यमबागेत ज्यांचे आयुष्य मशीन शॉपमध्ये गेले अशा आमच्या एका नातेवाइकांना बोलावले. त्यांनी आधी रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) हाताने हलवून गिबमधील, म्हणजे तो ज्या पट्ट्यांत सरकतो त्यांतील, ढिलाई दाखवली, मग बॉडीवर हातोडीने हलके ठोके दिले. एका बाजूला कास्टिंगचा आवाज खणखणीत येत होता आणि दुसऱ्या बाजूला बद्द. तेथील रंग खरवडल्यावर खाली लांबी (पुट्टी) भरलेली निघाली आणि लांबीखाली तडा बुजवण्यासाठी केलेले वेल्डिंग. नावपट्टीच्या मागे जुन्या पट्टीची भोके होती. भंगाराच्या भावाने घेतलेले यंत्र रंगवून आम्हाला नव्याच्या किमतीत विकले होते.

बिल मराठीत, व्यवस्थित छापलेले होते. त्यातील खोट आमच्या करसल्लागारांनी पाहताक्षणी ओळखली, आणि ती कोणालाही ओळखता येण्यासारखी आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. विकणारा २७ चा, यंत्र उतरले कर्नाटकात, म्हणजे बिलावर १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधील विक्रीवरचा कर) असायला हवा होता. त्याऐवजी एकाच राज्यातील विक्रीला लागतात तसे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के लावले होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर भलत्याच व्यवसायाचे नाव आले आणि नोंदणी रद्द झालेली दिसली. हा शोध विनामूल्य आहे आणि त्याला कोणतेही खाते उघडावे लागत नाही.

ई-वे बिलाचे, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटीत काढायच्या ऑनलाइन कागदाचे, तसेच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉब वर्कसाठी माल पाठवला तर त्याची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. आमच्याकडे सीमेवरच्या कोगनोळीमार्गे येणारा पत्रा केवळ हाताने लिहिलेल्या चलनावर येत होता. विचारले की, "सीमाभागात एवढे कोणी बघत नाही," असे उत्तर मिळे. कागदच नसल्यामुळे पत्रा खरोखर किती आला हे पुढे आम्हाला सिद्ध करणे कठीण झाले, आणि कागद न करण्यामागे हेतू तोच होता.

आता मुख्य भाग. पहिले काही लॉट त्यांनी पसंत केले, मजुरीही दिली. त्यानंतर माल नाकारला जाऊ लागला. दिलेल्या ड्रॉइंगवर मापे होती, पण टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) कोठेही लिहिलेला नव्हता. म्हणजे २५ मिलिमीटरचे भोक २५.१ आले तर चालेल की नाही हे केवळ त्यांच्या तोंडी सांगण्यावर होते. तपासणीचा गेज (माप तपासण्याचे साधन) त्यांचाच, तपासणारा माणूसही त्यांचाच. नाकारलेल्या मालातील पत्र्याची पूर्ण किंमत ते आमच्या मजुरीतून आणि अनामतीतून वजा करत, आणि नाकारलेला मालही परत देत नसत. भावाने तो परत मागितला तेव्हा भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. तो खरोखर नापास होता की दुसरीकडे चांगल्या भावाने विकला गेला, याचे उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही.

वजनातही तेच. पोलादी पत्र्याचे वजन काढण्याचा हिशेब साधा आहे : एक चौरस मीटर पत्र्याचे, दर मिलिमीटर जाडीला, ७.८५ किलो. २५०० बाय १२५० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा त्यामुळे सुमारे ७३.६ किलो भरतो. आमच्या चलनांवर जाडी ३ मिलिमीटर धरून वजन लिहिलेले असे. भावाने व्हर्निअर लावून पाहिले तेव्हा पत्रा त्याहून बारीक निघाला, म्हणजे जो पत्रा आलाच नाही त्याचीही वजावट आमच्याच अनामतीतून होत होती. असा पत्रा डायमध्ये वाकतो वेगळा आणि मापही चुकते. तेव्हा नापास होण्याचे एक कारण त्यांनी मालासोबतच पाठवलेले होते.

करार इंग्रजीत होता आणि त्यात एक कलम असे होते की, सलग तीन लॉट नाकारले गेल्यास काम देण्याची जबाबदारी आपोआप संपेल. सगळी योजना या एका कलमात होती. त्यांचा नफा यंत्र विकले त्याच दिवशी झालेला होता. पुढे काम देत राहण्यात त्यांना काहीच मिळणार नव्हते, म्हणून नकार देणे भागच होते.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. पहिली, शेड आईच्या नावावर काढून पीएमईजीपीचे (नव्या लहान उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचे) ३५ टक्के अनुदान 'हातात' मिळवून देण्याची, आणि त्यासाठी वेगळी फी. ग्रामीण भागातील महिलांना ३५ टक्के हा दर खरा आहे, पण ती रक्कम हातात येत नाही. बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. अर्ज ऑनलाइन आहे, त्याला मध्यस्थ लागत नाही, आणि आधीपासून चालू असलेल्या घटकाला हे अनुदान मिळतच नाही. दुसरी गोष्ट, विहिरीच्या पंपाच्या कनेक्शनवर प्रेस चालवण्याची. बाबांनी ती ठामपणे नाकारली आणि बिनशेतीची परवानगी व हेस्कॉमचे (आमच्या भागातील वीज कंपनीचे) स्वतंत्र कनेक्शन होईपर्यंत थांबायला लावले. त्यांचे म्हणणे किती योग्य होते हे नंतर समजले : शेतीच्या विजेचा असा वापर झाला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते, आणि अशा माणसाला पुढे स्वतःची तक्रार घेऊन कोठे जाणेही अवघड होते.

तक्रार द्यायला गेल्यावर आम्हाला प्रथम सांगण्यात आले की हा दिवाणी व्यवहार आहे, समोरचा पक्ष महाराष्ट्रातला आहे, आणि करारात न्यायालयही तिकडचेच लिहिलेले आहे. सीमाभागातील माणूस नेमका येथे थकून घरी बसतो. त्याने बसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. खोटी बिले आणि रंगवलेले यंत्र पुढे ठेवल्यावर फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खालचा, गुन्हा नोंदला गेला.

थकलेल्या मजुरीसाठी मार्ग वेगळा आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. त्याच कायद्याच्या कलम १८ (४) प्रमाणे, काम करणारा जेथे आहे तेथील सुलभीकरण परिषद (थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणारे सरकारी मंडळ) समोरच्यावर सुनावणी घेऊ शकते, मग तो भारतात कोठेही असो. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे; ती पहिला माल देण्याआधी झालेली असावी. आमची झालेली होती, म्हणून मजुरीचा अर्ज दाखल करता आला. यंत्राची किंमत मात्र या मार्गाने मागता येत नाही.

भाऊ आता वेल्डिंग सेट आणि कटर एवढ्यावर त्याच शेडमध्ये गेट आणि ट्रॉली दुरुस्तीची कामे घेतो. प्रेस आम्ही विकलेला नाही, दुरुस्तही केलेला नाही. ज्यांच्याकडे असे यंत्र आले आहे त्यांनी ते उघडण्याआधी दोन जाणत्या माणसांसमोर रंगाखालचे वेल्डिंग, जुन्या नावपट्टीची भोके आणि बेअरिंगवरचे क्रमांक यांचे फोटो काढून लेखी नोंद करून घ्यावी, आणि पत्र्याचा एक तुकडा चलनासोबत जपून ठेवावा. आमच्या तक्रारीत सर्वांत उपयोगी पडले ते हेच पुरावे.