दिवसभराचा ब्रेस की रात्रीचा?

मुलाच्या कण्याला बाजूला बाक (स्कोलिओसिस) आहे आणि डॉक्टर ब्रेस, म्हणजे धडाभोवती बांधायचं कडक कवच, लावू या म्हणाले की पुढचा प्रश्न आईवडिलांपुढेच येऊन पडतो. दिवसभर घालायचा बोस्टन, की फक्त झोपताना घालायचा प्रॉव्हिडन्स किंवा चार्ल्सटन? कॉब अँगल (बाक किती अंशांचा), रिसर (हाडांची वाढ किती झाली) वगैरे एव्हाना पाठ झालं असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पुराव्याचं पारडं दिवसभराच्या बाजूला जड आहे, हे आधीच सांगतो. 2013 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण 48 टक्के होतं. ब्रेस रोज निदान 18 तास घालायला सांगितला होता. आत बसवलेल्या सेन्सरनुसार ज्यांनी तो सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घातला, त्यांच्यापैकी दहातल्या नऊ जणांना गुण आला. म्हणजे सगळा खेळ तासांचा.

आणि आमचं घोडं तिथेच अडलं. लेकीच्या बोस्टनचे पट्टे पाठीवर होते. ऑर्थोटिस्टने, म्हणजे ब्रेस बनवून बसवणाऱ्याने, पट्ट्यावर पेनाने खूण केलेली असते, तिथपर्यंत खेचला तरच ब्रेस जागेवर बसतो. तिचा स्वतःचा हात तिथे पोचत नाही. खेळाच्या तासाला काढला की परत कोण बांधणार? मैत्रिणीने बांधला तर सैल राहायचा, वर सरकायचा आणि काखेखाली लाल व्हायचं. शिवाय त्या वयात दुसऱ्यासमोर सदरा वर करून पाठ फिरवणं तिला नको वाटायचं, आणि त्यात तिचं काहीच चुकत नव्हतं. परिणामी ब्रेस उरलेला दिवस पिशवीत पडून राहायचा.

रात्रीच्या ब्रेसचे पट्टे पुढे होते. आडवं झाल्यावर कण्यावरचा भार उतरतो, त्यामुळे बाक उभ्याने पेलवणार नाही इतका उलट बाजूला ढकलता येतो. आठ-दहा तासांत काम भागवायचं ते त्या जोरावर. सुरुवातीला कूस बदलता येत नाही आणि झोपमोड होते. तेवढं सोसावं लागतं. पण रोज तास भरतात, कारण बांधताना आम्ही शेजारी असतो. दिवसा ती मोकळेपणी पळते, व्यायाम करते. चार्ल्सटन आख्खं धड एका बाजूला वाकवतो, प्रॉव्हिडन्स बाजूंनी दाब देतो. आम्ही प्रॉव्हिडन्स घेतला.

मात्र तिचा बाक एकच आहे, कमरेच्या बाजूचा आणि 30 अंशांच्या आतला. अशा बाकाला माझा कौल रात्रीच्या ब्रेसला. छातीच्या मणक्यांत वर असलेला किंवा दुहेरी बाक असेल तर मी स्वतःही दिवसभराचाच घेतला असता. तेव्हा पुढून उघडणारा, उदाहरणार्थ रिगो-शेनो पद्धतीचा, मिळेल का हे मात्र जरूर विचारा. मूल स्वतः बांधू शकतं, याचं मोल मोठं आहे.

किती अंशांवर गेल्यास पुन्हा दिवसभराच्या ब्रेसकडे वळायचं, हे आम्ही डॉक्टरांशी आणि लेकीशी बोलून ठरवून ठेवलंय. रात्रीचा घेणार असाल तर तो आकडा पहिल्याच भेटीत विचारून घ्या.