इन्सुलिनच्या फ्रिजसाठी लिथियम बॅटरी आणि हायब्रिड सोलर: राळेगाव तालुक्यातला अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. दुकानात सगळ्यात जास्त जपावं लागतं ते इन्सुलिन. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, आणि गोठूनही चालत नाही. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात वादळ आलं की कुठंतरी तारेवर झाड पडतं अन् लाईन रात्रभर येत नाही. गावातल्या काही म्हाताऱ्या माणसांच्या घरी फ्रिज नाही, त्यांचं इन्सुलिन माझ्याकडेच ठेवलेलं असतं. "बाई, लाईन गेली तं माह्यं औषध खराब तं नाही होणार?" असं एक काकाजी दर वादळानंतर विचारायला येतात. त्यांना खात्रीनं "नाही" म्हणता यावं, यासाठी हा खर्च केला.

स्लॅबवर ५४० वॅटचे चार पॅनल, ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (म्हणजे पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्हींवर चालणारा) आणि ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी. स्ट्रक्चर, अर्थिंग, वायरिंग धरून दोन लाखांच्या वर गेलं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती जोडणीला. दुकानाच्या मीटरला ते नाही, म्हणून सगळे पैसे खिशातले.

घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पॅनल लागले की लाईन गेली तरी घरात उजेड राहील, असं आमच्याकडे पुष्कळांना वाटतं. या योजनेत बहुतेकांच्या छतावर बसतं ते ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनीला जोडलेलं. लाईन गेली की ते भर दुपारच्या उन्हातही बंद होतं. ते मुद्दाम तसंच केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरचा करंट लागेल. बिल कमी करायला ते उत्तमच आहे. पण अंधारात पंखा, फ्रिज चालवायचा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही.

आधी माझ्याकडे १५० एएचची ट्युब्युलर, म्हणजे पाणी भरायची लेड-ॲसिड बॅटरी होती. कागदावर तिच्यात पावणेदोन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज मावते, पण रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर बसते. उन्हाळ्यात पाणी भराभर आटायचं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढायची, चार्जिंगला गॅसचा वास. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, त्यामुळे फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना असा घुरघुरायचा की आता जळतोच वाटे.

नव्या बॅटरीत ५.१२ युनिट मावतात. वीस टक्के शिल्लक ठेवले तरी चार युनिट हाताशी राहतात. फ्रिज, मामाजींच्या खोलीतला पंखा आणि दोन दिवे मिळून सरासरी अडीचशे वॅट धरा, म्हणजे सोळा तास निघतात. सायंकाळी गेलेली लाईन सकाळी आली तरी फ्रिजमधल्या थर्मामीटरचा काटा हिरव्या पट्ट्यातच असतो. यासाठी पैसे दिले होते आणि ते वसूल झाले, असं मी मनापासून सांगते.

विक्रीनंतरची सेवा मात्र वाईट. डीलरचा माणूस फिटिंग करून गेला तो इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार लेड-ॲसिडच ठेवून. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधली डेटा केबल तर खोक्यातून काढलीच नव्हती. मग बॅटरी भरत आली की तिच्यातलं बीएमएस (बॅटरी जपणारं सर्किट) कनेक्शन तोडायचं, इन्व्हर्टर टीं टीं करायचा, स्क्रीनवरचे ८० टक्के एकदम ३० वर यायचे. फोन केला की "उद्या माणूस पाठवतो". शेवटी आयटीआय झालेल्या माझ्या भाच्यानं मॅन्युअल वाचून सेटिंग बदललं, केबल जोडली, आणि त्रास थांबला. शेवटचा हप्ता देण्याआधी या दोन गोष्टी समोर उभं राहून तपासा. त्याच माणसाला बॅटरी जिन्याखालच्या टिनाच्या शेडमध्ये लावायची होती, म्हणजे त्याची केबल वाचली असती. मी ऐकलं नाही. आमच्याकडच्या टिनाखाली दुपारी हात ठेववत नाही, आणि उष्णतेनं कोणतीही बॅटरी लवकर म्हातारी होते. आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लावून घेतली.

पॅनलही तापले की कमी देतात, त्यामुळे मे महिन्यात ऊन आहे तेवढी वीज मिळेल हा हिशोब धरू नका. तुरी-सोयाबीन काढायच्या दिवसांत थ्रेशरचं कुटार उडून काचेवर बसतं, ते पहाटे पॅनल थंड असताना साध्या पाण्यानं धुवावं. वानरांचा बंदोबस्त आधीच करा. आमच्याकडे त्यांनी वायर ओढून एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींचा जोड) सैल केला होता, आता सगळी वायर पाईपातून नेली आहे. श्रावणात आभाळ दाटलं की पॅनलवर विसंबता येत नाही. तेव्हा मी बॅटरी निम्म्याखाली उतरू देत नाही, लाईन असेल तेव्हा लाईनीवरच भरून घेते.

चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, सगळं आमच्याच विदर्भात. कोळसा इथला, राख इथली, आणि वादळाच्या रात्री अंधारही इथल्याच गावांत. माझा फ्रिज दिवसा उन्हावर चालतो याचं मला खरंच फार समाधान वाटतं.

दोन पंखे आणि चार बल्ब एवढंच असेल तर इतका खर्च करू नका, चांगली ट्युब्युलर पुरते. ती बसली की दुकानदार वजनावर परतही घेतो. लिथियमचं तसं गावात अजून नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. माझी बॅटरी संपल्यावर ती कुठं जमा करायची, हे मी डीलरला लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.