पुणे–नाशिक रेल्वे: संगमनेरवरून की शिर्डीवरून? ठरावाला हात वर करण्याआधी

पुणे–नाशिक रेल्वेचा ठराव तुमच्या ग्रामसभेपुढे येणार असेल, तर संगमनेरवरून जाणारा जुना आणि शिर्डीवरून जाणारा नवा, असे दोन्ही मार्गांचे नकाशे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. मी नारायणगावचा, त्यामुळे जीव कुठल्या मार्गात अडकलाय ते उघड आहे. पण नुसत्या ‘आमच्याकडूनच न्या’ या घोषणेनं गाडी येत नाही, हे इतक्या वर्षांत कळून चुकलंय.

जुना मार्ग महारेलचा. राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची ही संयुक्त कंपनी. हडपसर, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळे, संगमनेर, सिन्नर, नाशिक रोड असा सुमारे २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग आणि पावणेदोन तासांचा प्रवास. अंदाजे खर्च १६,०३९ कोटी रुपये.

नवा मार्ग पुण्याहून चाकणमार्गे अहिल्यानगर, तिथून पुणतांबा, शिर्डी आणि पुढे नाशिक. यात पुणे–अहिल्यानगर ही १३३ किलोमीटरची नवी दुहेरी लाइन आहे, तिचा अंदाज ८,९७० कोटींचा. अहिल्यानगर ते निंबळक ६, निंबळक ते पुणतांबा ८० आणि पुणतांबा ते शिर्डी १७ किलोमीटर, असा पुढचा भाग आधीच असलेल्या लाइनचं दुहेरीकरण करून साधायचा आहे. ही बेरीज स्वतः करून बघा. शिर्डीला पोचेपर्यंतच २३६ किलोमीटर होतात, म्हणजे जुन्या मार्गानं गाडी नाशिक रोडला लागलेली असेल तेव्हा ही शिर्डीत उभी असेल. तिथून नाशिक रस्त्यानं अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

मग एवढा वळसा कशासाठी? कारण आहे जुन्या मार्गाच्या वाटेवरची खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी ही अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय रेडिओ दुर्बीण, आणि ते खरं कारण आहे. गावागावांतल्या बैठकांत ‘जीएमआरटी हे नुसतं निमित्त आहे’ असं सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं प्रदर्शन भरतं. पोरांना घेऊन कधी गेला असाल तर आठवेल, ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकडीखाली उभं राहून वर बघितलं की तिच्यातून आभाळ दिसतं. पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी ताणलेली. आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात. अवकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात, की खिशातल्या मोबाइलचाही त्यांच्यापुढे गोंगाट होतो. विजेवरच्या गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा छतावरचा सांगाडा, वरच्या तारेला घासत जातो, ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीसोबत रेडिओ लहरी फेकल्या जातात. दिवसातून अनेक गाड्या म्हटल्यावर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. अशा ३० तबकड्या आहेत. १४ खोडदजवळ एकत्र आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, अशी सुमारे २५ किलोमीटरची व्याप्ती. म्हणून ‘रूळ दोन किलोमीटर सरकवा’ म्हणून भागत नाही. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे काम आपल्या जुन्नर तालुक्यात आणलं ते इथली शांतता बघूनच. जगभरातले शास्त्रज्ञ तिथं वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. ती दुर्बीण घालवून मिळणारी रेल्वे मला नको.

आता पैशाकडे या, कारण जुना मार्ग अडखळला त्यात दुर्बिणीइतकाच पैशाचाही हात आहे. महारेलच्या आराखड्यात २० टक्के राज्याचे, २० टक्के रेल्वेचे आणि तब्बल ६० टक्के वित्तसंस्थांकडून उभे करायचे होते. हवेली आणि सिन्नर तालुक्यांत काही खरेदीखतं झाली, काही गावांत मोजणी झाली, मग निधीअभावी काम थंडावलं. ज्याच्या शेतात मोजणी झाली आणि पैसे मात्र आले नाहीत, त्याला विचारा. विहीर खोदावी की नको, बाग लावावी की नको, सगळंच लटकलं. नव्या मार्गाला ही अडचण कमी आहे, कारण तो तुकड्यातुकड्यानं रेल्वेच्या नेहमीच्या कामांत बसतो. पुणतांबा–शिर्डी दुहेरीकरणाला सुमारे २४० कोटींची मंजुरी मिळालीसुद्धा. मात्र ८,९७० कोटींचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार होणं म्हणजे पैसे मंजूर होणं नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

रोज कोण बसणार, हे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. नारायणगावच्या उपबाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटची रास बघा, किंवा चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास उभे राहा. मंचर, आळेफाटा, संगमनेर या सगळ्या पट्ट्याला आज रेल्वेचा एक रूळही नाही. इथला माल, विद्यार्थी, पेशंट सगळे त्याच एका पुणे–नाशिक महामार्गावर. याउलट अहिल्यानगर, श्रीरामपूर, कोपरगाव यांना दौंड–मनमाड लाइन आहे. त्यांची अडचण वेगळी आहे: पुण्याला जायचं तर दौंडचा वळसा. थेट लाइन झाली तर अहिल्यानगरच्या माणसाचा रोजचा त्रास वाचेल, शिर्डीच्या भाविकांचीही सोय होईल. ती मागणी रास्त आहे आणि तिच्या आड येण्याचं आपल्याला काही कारण नाही. चाकणला तर दोन्हीकडून फायदाच.

म्हणून तुम्ही अहिल्यानगर, राहुरी, शिर्डीकडचे असाल तर नव्या मार्गाला खुशाल पाठिंबा द्या, पण पुणे–अहिल्यानगर लाइन म्हणून द्या. पुणे–नाशिक रेल्वे म्हणून ती मिरवली, तर नाशिकच्या प्रवाशाला तीनशेहून अधिक किलोमीटरचा फेरा पडेल आणि तो एसटी किंवा स्वतःची गाडी सोडणार नाही.

खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले, संगमनेरकडचे असाल तर ठरावात ‘मूळ मार्गच हवा’ एवढंच लिहून थांबू नका. त्या वाक्याला दुर्बिणीचं उत्तर नाही, आणि उत्तर नसलेला ठराव फायलीत पडून राहतो. तबकड्यांपासून किती अंतरावर किती गोंगाट पोचतो याची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, ती जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत व्हावी आणि अहवाल मराठीत गावांना मिळावा, हे मागा. दुर्बिणीजवळच्या टप्प्यात बोगदा काढला तर खडक रेडिओ लहरी अडवतो. बोगद्यासह आणि लांबून वळवलेल्या आखणीसह, असे दोन्ही खर्च मांडायला सांगा. खर्च वाढेल. तो राज्य उचलणार की रेल्वे, तेही लेखी मागा. आणि ज्यांच्या जमिनीची मोजणी होऊन पडून आहे, त्यांच्याबाबत घ्यायची की सोडायची याचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, हा मुद्दा ठरावात पहिला घाला.